मूल लिहितंय? गोव्यात स्पर्धा कशा शोधायच्या, लेखकांना कसं भेटायचं

चौथी-पाचवीतलं मूल वहीच्या मागच्या पानावर गोष्ट लिहून ठेवतं. कुणी डोकावलं तर हात आडवा धरतं, आणि कुणीच डोकावलं नाही तर रुसतं. हे ज्यांच्या घरात चाललंय आणि पुढे काय करायचं ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी हा लेख. स्पर्धा कुठे शोधायच्या, प्रवेशिका कशी पाठवायची, लेखकाला कसं भेटायचं, सगळं ओळीने सांगते. त्याआधी माझं मत सांगून टाकते. लिहिणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त गरज असते ती नीट वाचणाऱ्या माणसाची. स्पर्धेचा परीक्षक हा घराबाहेरचा असा एक वाचक, भेटलेला लेखक हा दुसरा. बक्षीस आलं तर आलं. ज्यांना प्रमाणपत्रांची फाइल जाड करायची आहे, त्यांना यातलं निम्मं बिनकामाचं वाटेल.

भाषेचं आधी मिटवा

गोव्यातल्या मुलाच्या कानावर एकाच दिवसात किती भाषा पडतात बघा. घरात कोंकणी, नाहीतर मराठी, नाहीतर दोन्हींची मिसळ. देवळातली आरती आणि भजन मराठी. मैदानावर हिंदीही चालते. प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणीतून झाली तरी पाचवीपासून बहुतेकांची शाळा इंग्रजी होते. लेखनासाठी हा पाचवीचा उंबरठाच अवघड. कालपर्यंत पानभर लिहिणारं मूल इंग्रजीत चार ओळींवर येऊन अडतं, आणि मराठी उरते ती एका तासापुरती, धड्याखालच्या प्रश्नोत्तरांपुरती. आईबाबांना वाटतं, लिहायची आवड गेली. आवड तिथेच असते, हाताशी शब्द नसतात.

यावर उपाय सोपा आहे. मूल ज्या भाषेत भावंडांशी भांडतं, त्या भाषेत त्याला लिहू द्या. मराठी लिहिताना मध्येच कोंकणी शब्द आला तर खोडू नका. गोष्टीतली आजी कोंकणी बोलत असेल तर तिचं बोलणं कोंकणीतच राहू दे. आपल्याकडे याची लाज वाटायचं कारणच नाही. बोरीचे बा. भ. बोरकर मराठीतही कविता लिहीत आणि कोंकणीतही. लक्ष्मणराव सरदेसाई मराठीचे मोठे कथाकार, त्यांनी कोंकणीतही लिहिलं. स्पर्धेच्या वेळी मात्र भाषा नियमात बघून ठरवायची. ते पुढे येईलच.

मग वही, आणि वाचन

एक जाड वही द्या, रेघांची चालेल. रोज लिहायलाच हवं असा दंडक नको. आठवड्यातून दोनदा लिहिलं तरी पुष्कळ झालं. लाल पेन त्या वहीपासून लांब ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या खेपेला बघू, पहिल्या खेपेला नाही. मुलाने वाचून दाखवलं तर ‘छान’ म्हणून सोडू नका आणि चुकाही काढू नका. ‘मग त्या कुत्र्याचं काय झालं?’ असा एखादा खरा प्रश्न विचारा. पुढचं पान त्या प्रश्नातूनच निघतं. आणि मुलाला न विचारता त्याची कविता नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकू नका. पंधरा अंगठे येतात, पण मूल पुढच्या वेळी वही दाखवत नाही.

वाचायला काय द्यायचं, तर घरात पुस्तकं कमी असली तरी अडत नाही. पणजीत पाटोवर संस्कृती भवनात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. तिथला मुलांचा विभाग एकदा तरी सावकाश बघा, घाईने परत फिरू नका. ज्यांच्या नावाने ते आहे ते कृष्णदास शामा मूळचे केळशीचे, आणि त्यांनी १५२६ साली श्रीकृष्णाचं चरित्र मराठी ओव्यांत लिहायला घेतलं. पाचशे वर्षांपूर्वी आपल्याच सासष्टीतला एक माणूस बसून लिहीत होता, हे मुलाला दारातच सांगा. लहान मुलांसाठी पणजीतलंच ‘बुकवर्म’ही चांगलं ठिकाण आहे. तिथे पुस्तकं आहेतच, शिवाय गोष्टी वाचून दाखवणारी माणसंही आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पाचवीच्या पुढच्यांना ‘छात्र प्रबोधन’ आवडतं. गावातलं वाचनालय विसरू नका. आपल्याकडे बऱ्याच गावांत एखादं असतं, कपाटाला कुलूप असलं तर चावी कुणाकडे असते ते शेजारच्या दुकानदाराला ठाऊक असतं.

स्पर्धा कुठे सापडतात

पहिली स्पर्धा घराजवळची आणि लहान असावी. चतुर्थीला सार्वजनिक गणपती बसवणारी मंडळं, देवस्थानची समिती, युवक मंडळ, वाचनालय, माजी विद्यार्थी संघ, हे सगळे निबंध, काव्यवाचन, कथाकथन असं काही ना काही ठेवतात. अशा ठिकाणी परीक्षक ओळखीतले असतात. बक्षीस वितरणानंतर ते मुलाशी दोन शब्द बोलतात, ‘तुझा शेवट आवडला गो’ म्हणतात. हे दोन शब्द मोठ्या स्पर्धेत मिळत नाहीत. म्हणून सुरुवात इथून.

पुढची पायरी म्हणजे शाळेचा सूचनाफलक आणि वर्तमानपत्र. आपली मराठी दैनिकं मुलांसाठी पान किंवा कोपरा ठेवतात, स्पर्धांच्या बातम्याही तिथेच येतात. कला आणि संस्कृती संचालनालय, गोमंतक मराठी अकादमी, गोमंतक साहित्य सेवक मंडळ यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. काही तारखा दरवर्षी ठरलेल्या असतात आणि त्यांच्या आगेमागे कार्यक्रम होतात: १४ ते २० नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन. त्या त्या महिन्याच्या आधी ग्रंथालयात फोन करून विचारलेलं बरं. बातमी छापून येते तेव्हा मुदतीचे चार दिवस उरलेले असतात.

आता मोठ्या स्पर्धांविषयी. मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती म्हणजे भारतीय टपाल खात्याची ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धा. कारण एक तर पत्र हा प्रकार मुलाला निबंधापेक्षा सोपा जातो, समोर कुणीतरी आहे असं धरून लिहायचं असतं. दुसरं, भाषा इंग्रजी, हिंदी किंवा स्थानिक चालते, म्हणजे आपल्या मुलाला मराठीत लिहिता येतं. तिसरं, हाताने लिहावं लागतं. १८ वर्षांपर्यंतचे आणि त्यावरचे असे दोन गट असतात, म्हणजे आईही भाग घेऊ शकते, आणि घ्यावा. दोन प्रकार असतात. आंतर्देशीय पत्रावर लिहायचं तर ५०० शब्दांपर्यंत, साध्या कागदावर लिहून पाकिटात घालायचं तर १००० शब्दांपर्यंत. सर्कल म्हणजे टपाल खात्याच्या विभागाच्या पातळीवर २५, १० आणि ५ हजारांची, तर देशपातळीवर ५०, २५ आणि १० हजारांची बक्षिसं आहेत. गोवा टपालाच्या हिशेबात महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. पत्र मुख्य पोस्टमास्टर जनरलांच्या नावे पाठवायचं असतं, आणि आपलं वय १८ च्या आत आहे असं मुलाने पत्रातच लिहून द्यायचं असतं. ही एक ओळ राहिली म्हणून चांगली पत्रं बाद होतात. विषय दरवर्षी बदलतो. २०२४-२५ चा विषय डिजिटल युगात पत्रांचं महत्त्व आणि लेखनाचा आनंद असा होता. घोषणा साधारण वर्षाच्या उत्तरार्धात होते, जवळच्या पोस्टात विचारा.

त्याच टपाल खात्यामार्फत जागतिक टपाल संघाची मुलांसाठीची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धाही होते. ती १९७१ पासून चालू आहे, वय ९ ते १५. तिचे विषय कल्पनेला चांगले धुमारे फोडणारे असतात. २०२५ चा होता: ‘तू समुद्र आहेस असं समज, आणि तुझी काळजी का आणि कशी घ्यावी हे सांगणारं पत्र कुणाला तरी लिही.’ मिरामारला किंवा बेतुलला वाढलेल्या मुलाला याहून सोपा विषय कुठला मिळायचा?

बाकीच्या दोन झटपट सांगते. संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांचा ‘वीर गाथा’ उपक्रम २०२१ पासून आहे, तिसरी ते बारावीसाठी, आणि प्रवेशिका शाळेतर्फे जाते. इंग्रजीत रमलेल्या मुलांसाठी राष्ट्रकुलाची निबंध स्पर्धा आहे. ती १८८३ पासून चालते, तिला फी नाही, १४ वर्षांखालचे आणि १४ ते १८ असे दोन गट असतात.

नियम मुलानेच वाचावेत

नियमांचा कागद मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच पेन्सिलने खुणा करायला सांगा: भाषा, शब्दमर्यादा, वय कुठल्या तारखेला मोजायचं, हस्तलिखित की टाइप केलेलं, नाव पानावर लिहायचं की वेगळ्या कागदावर, शाळेचा दाखला लागतो का, शेवटची तारीख पोस्टात टाकायची की पोचण्याची. टाइप करायचं असेल तर युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की चिन्हांची रांगोळी दिसते. मोबाइलवर बोलून टाइप करता येतं, पण मूल गोव्याच्या वळणाने बोलतं आणि मोबाइल पुण्याच्या वळणाने ऐकतो, तेव्हा नंतर एकेक शब्द तपासा.

‘पूर्वप्रसिद्ध नसावं’ असं बहुतेक ठिकाणी म्हटलेलं असतं. फेसबुकवर टाकलेली कवितासुद्धा काही आयोजक प्रसिद्ध धरतात. एकच लेखन एकाच वेळी दोन स्पर्धांना पाठवू नका. आणि लेखनाचे सगळे हक्क कायमचे आयोजकांकडे जातील असं वाक्य दिसलं तर मी तरी पाठवणार नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. मोबाइलवर हल्ली ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ अशी नावं घेऊन स्पर्धा येतात. फी भरा, प्रत्येकाला पदक, कविता पुस्तकात छापू, पण पुस्तकाच्या इतक्या प्रती तुम्हीच घ्या. ही स्पर्धा नव्हे, हा छपाईचा धंदा. फी घेतली म्हणजे लुबाडणूक असं मी म्हणत नाही. गावातलं मंडळ पन्नास रुपये घेतं ते बक्षिसाला आणि चहाला. पण परीक्षक कोण ते सांगत नाहीत, मागच्या वर्षीचं निकालपत्र दाखवत नाहीत, आणि फोनवर तातडी करतात, अशी तिन्ही लक्षणं दिसली की नंबर ब्लॉक करा. मुलाचा फोटो, शाळा आणि पत्ता एकाच ऑनलाइन फॉर्मवर मागितला तर आधी विचारा, कशाला लागतं.

मसुदा: मदत किती करायची

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते. विषय आला की घरातलं मोठं माणूस पुढे सरसावतं. आई मुद्दे काढते, काका सुभाषित सुचवतो, शिकवणीचे सर अख्खा निबंध लिहून देतात. आता त्यात मोबाइललाही निबंध लिहिता येतो. परीक्षकांना हे कळत नाही असं समजू नका. आमच्या भागातल्या एका स्पर्धेत सातवीच्या तीन मुलांच्या निबंधात एक परिच्छेद शब्दशः सारखा निघाला होता, तिघांची शिकवणी एकच. मूल पहिलं आलं तरी त्याला ठाऊक असतं की हे माझं नव्हे, आणि पुढच्या वेळी ते पेन उचलायच्या आधी सरांकडे बघतं.

मदत करायची ती प्रश्न विचारून. एक उदाहरण देते. विषय ‘पावसाळ्यातला एक दिवस’, मुलगी सहावीतली. पहिला मसुदा असा:

‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पावसाळ्यात धरणीमाता हिरवा शालू नेसते. बळीराजा सुखावतो. पक्षी किलबिल करतात.’

हा शालू आपण सगळ्यांनीच कधी ना कधी नेसवला आहे. खोडायला सांगू नका. नुसतं विचारा: ‘परवा चोडणाहून येताना तू भिजलीस ना, तेव्हा फेरीबोटीत काय झालं होतं?’ ती तोंडी सांगेल. सांगून झाल्यावर म्हणा, आता हेच लिही. दुसरा मसुदा असा येतो:

‘फेरीत छत्री उघडली तर वारा ती उलटी करतो आणि मिटली तर डोकं भिजतं. म्हणून सगळे मोटारसायकलींच्या मध्ये दाटीवाटीने छपराखाली उभे राहतात. मासळीची पाटी घेतलेली एक मावशी मला म्हणाली, “मात्शें फुडें सर गो बाय, म्हजे बांगडे भिजतात.” बांगडे पाण्यातूनच आले होते, तरी ती त्यांना पावसापासून सांभाळत होती.’

यातलं शेवटचं वाक्य कुठलेही सर लिहून देऊ शकत नाहीत. ते त्या मुलीने बघितलेलं आहे. गोव्यातल्या मुलाकडे असा माल भरपूर असतो: माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायचं सुपारीचं शिपटं आणि तोरिंग, सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर म्हणजे पाववाला, दिवाळीला नरकासुराचा पुतळा करताना रात्रभर जागणारे दादालोक, माशेलचा चिखलात खेळायचा चिखलकालो, सांजावच्या सणाला विहिरीत उडी मारणारा शेजारी. मुलाला हे रोजचं वाटतं, म्हणून ते लिहायचं सुचत नाही. तुम्ही फक्त विचारायचं.

दुसऱ्या मसुद्यानंतर दोन दिवस जाऊ द्या. मग मुलाने मोठ्याने वाचावं. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांब झालेलं असतं. शब्दमर्यादा ओलांडली असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीचा परिच्छेद कापावा, मुलं मुद्द्यावर उशिरा येतात. शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी पर्यावरण वाचवले पाहिजे’ छापाचं वाक्य असलं तर ते हवंच आहे का असं विचारून बघा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, शब्दकोश शेजारी ठेवून. प्रवेशिकेची एक प्रत, निदान फोटो, घरी ठेवा आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी पोस्टात टाका. पावसाळ्यात पाकिटाच्या आत प्लास्टिकची पिशवी घाला.

निकाल

पाठवून झालं की विषय बंद. रोज ‘निकाल आला का’ विचारू नका. बहुतेक स्पर्धांत नंबर येणार नाही, आणि बहुतेक आयोजक का आला नाही ते सांगणारही नाहीत. त्या दिवशी मूल हिरमुसलं तर हिरमुसू द्या, ‘परीक्षकांना काय कळतंय’ म्हणू नका. मूल तेच शिकतं आणि पुढे शाळेत बाईंनाही तेच लावतं. आठवडाभराने जिंकलेलं लेखन मिळालं तर दोघांनी मिळून वाचा. आणि तो निबंध तसाच फाइलमध्ये पडू देऊ नका. एकदा निकाल लागला की तोच वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानाला किंवा शाळेच्या हस्तलिखिताला देता येतो. छापून आलेलं नाव बघण्यात वेगळीच मजा असते, गावातल्या न्हाव्याच्या दुकानातसुद्धा ते कुणीतरी वाचतं.

नंबर आला तर पेढे वाटा. पण लगेच पुढच्या चार स्पर्धांचे फॉर्म आणू नका. वर्षाला दोन-तीन पुरेत.

लेखकाला भेटायचं

गोवा लहान आहे याचा इथे फायदा होतो. इथला लेखक एखाद्या उंच इमारतीत बसलेला नसतो. तो शाळेत शिकवतो, बँकेत किंवा सरकारी खात्यात असतो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या बघताना दिसतो. ज्ञानपीठ मिळालेले दामोदर मावजो माजोर्डात घरचं दुकान सांभाळत कोंकणीत कथा लिहीत आले. बोरकर शाळामास्तर होते, मग आकाशवाणीत गेले. महादेवशास्त्री जोशी सत्तरीतल्या आंबेड्याचे, आणि संस्कृतिकोशासारखं प्रचंड काम त्यांनी उभं केलं. लेखक म्हणजे कामधंदा करणारा, बस पकडणारा माणूस, हे मुलाला एकदा डोळ्यांनी दिसलं की ‘मीपण’ असं त्याला वाटायला लागतं.

भेटायच्या जागा अशा: पुस्तक प्रकाशनाचे कार्यक्रम, कविसंमेलनं, थंडीतली शेकोटी संमेलनं, पणजीतली इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा (ही संस्था १८७१ ची), मडगाव-साखळी-कुडचडेची रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर. दोना पावलाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये गोवा कला आणि साहित्य महोत्सव २०१० साली सुरू झाला. मावजो त्याच्या संस्थापकांपैकी. तिथे देशभरातले लेखक येतात आणि चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभे असतात. तारखा आधी बघून घ्या. लहान मुलाला दिवसभर बसवू नका, एक सत्र, एक वडा, घरी.

जायच्या आधी मुलाने त्या लेखकाचं काहीतरी वाचलेलं असावं, निदान एक कथा किंवा पाच कविता. न वाचता गेलं तर भेट सहीपुरती होते. मग दोन-तीन प्रश्न मुलाने चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ हा प्रश्न घरीच ठेवा, त्याचं उत्तर लेखकाला पाठ असतं. त्यापेक्षा असं विचारू द्या: ‘गोष्टीतला बाबू शाळा सोडतो, ते तुम्ही आधीच ठरवलं होतं का?’ ‘तुम्ही खोडलेलं फेकता की ठेवता?’ ‘लिहायचा कंटाळा आला तर काय करता?’ खोडण्याचा प्रश्न नक्की विचारायला लावा. एका कवींनी माझ्या समोर एका मुलाला खिशातला कागद काढून दाखवला होता. पाठपोट गिरमिटलेला, चार ओळींची कविता आणि तिच्या आजूबाजूला काट मारलेल्या वीसेक ओळी. तो मुलगा कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘तुमचं अक्षर माझ्यापेक्षा वायट.’ कवी खूश.

तुम्ही काय करायचं? दोन पावलं मागे राहायचं. ‘सांग ना, ती कविता म्हणून दाखव’ असं म्हणायचं नाही. मुलाची अख्खी वही लेखकाच्या हातात कोंबायची नाही. मुलालाच दाखवायचं असेल तर एक पान, आणि तेही ‘वेळ आहे का’ विचारून. प्रस्तावना मागायची नाही. फोटो एक, परवानगीने. पुढे पत्रव्यवहार झाला तर तो आईबाबांच्या फोनवरून किंवा घरच्या पत्त्यावरून व्हावा. लेखक कितीही भला असला तरी मूल आणि मोठं माणूस यांचं परस्पर चॅटिंग नको.

तुम्ही पालक-शिक्षक संघात असाल तर लेखकाला शाळेत बोलवायचंही मनावर घ्या. अख्खी शाळा मैदानात बसवू नका. एका वर्गाएवढी मुलं, लिहायची आवड असलेली, आणि गोल बसलेली. पंधरा दिवस आधी त्यांची एक कथा वर्गात वाचून घ्या. येण्या-जाण्याची सोय आणि मानधन आधीच स्पष्ट बोला. लेखकाला फुकटात बोलवायची आपली जुनी खोड आहे, ती मोडायला हवी. आणि कृपा करून समई, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मुख्याध्यापकांचं मनोगत यांत तास घालवू नका. मुलांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात आणि तेवढ्यात घंटा होते. स्वागताला गुलाबाचं फूल पुरतं.

भेटीनंतर आठवडाभरात मुलाने लेखकाला पोस्टाने पत्र पाठवावं. पत्र लहान असावं आणि मुलाच्याच भाषेत. उदाहरणार्थ:

‘सर, तुम्ही म्हणालात की संवाद लिहिताना मोठ्याने बोलून बघायचं. मी बोलून बघितलं तर आजी म्हणाली, कोणाशी भांडतोस? माझी गोष्ट अजून पुरी नाही झाली. विहिरीपाशी अडकली आहे. तुमची कधी अशी अडकली होती का?’

उत्तर येईलच असं नाही, मुलाला तसं आधी सांगून ठेवा. पण अशा पत्राला उत्तर देणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ आहेत.

वर्षाचा अंदाज

जूनमध्ये सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वही आणि ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. चतुर्थीच्या सुट्टीत माटोळी, आरत्या, पाहुणे हे सगळं बघून झालेलं असतं, तेव्हा पहिला मसुदा लिहून होतो, आणि वाड्यावरच्या मंडळाची एखादी स्पर्धाही होऊन जाते. दिवाळीच्या आसपास पोस्टात चक्कर मारून ‘ढाई आखर’ची चौकशी करा. नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह. डिसेंबरपासून संमेलनं आणि महोत्सव, तेव्हा एका तरी लेखकाला भेटून घ्या. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात मुलाला स्वतःचं एक पान वाचू द्या, पाठ न करता, कागद हातात धरून. मार्चमध्ये परीक्षा असतात, तेव्हा कुठलाही फॉर्म आणू नका, वही मात्र टेबलावर राहू दे.